सेकंदाला पन्नास आकाशं

वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. १९९०च्या दशकात ज्या घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्या घरांतल्या कित्येक मुलांना हा मंत्र तोंडपाठ होता. ‘कॉन्ट्रा’ सुरू होताना ही बटणं याच क्रमाने दाबली की तीनऐवजी तीस लाइफ मिळायच्या. मंत्र शोधला कोणी, याची चौकशी करायला कुणालाच वेळ नव्हता. तो होता काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रॅमरचा, आणि मुळात कॉन्ट्रासाठी नव्हताच. १९८६ मध्ये हाशिमोतो कोनामी कंपनीचा ‘ग्रॅडियस’ हा पार्लरमधला खेळ निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर उतरवत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळणं भाग होतं, आणि तो इतका अवघड की खुद्द हाशिमोतोंनाच जमेना. म्हणून त्यांनी आपल्यापुरती एक चोरवाट ठेवली: ठरलेली बटणं दाबली की यानाला एका झटक्यात सगळी शस्त्रं मिळत. चोरवाट काढून टाकायची राहून गेली आणि जगभर पसरली.

ग्रॅडियस हा साइड-स्क्रोलिंग शूटर. पडद्याच्या डाव्या अंगाला खेळाडूचं छोटं यान, मागे चांदण्या, खाली-वर डोंगर नाहीतर लोखंडी भिंती. आणि हे सगळं दृश्य उजवीकडून डावीकडे अखंड सरकत असतं. समोरून शत्रूंच्या रांगा चाल करून येतात. थांबायची सोय नाही, दम घ्यायची तर नाहीच नाही. १९८१च्या सुमारास दोन खेळांनी ही जात रुळवली. पहिला अमेरिकेतल्या विल्यम्स कंपनीचा ‘डिफेंडर’. युजीन जार्व्हिस यांनी घडवलेल्या या खेळातलं जग पडद्यापेक्षा कितीतरी रुंद होतं. नजरेआड काय चाललंय हे दाखवायला वर एक चिमुकला नकाशा, आणि चालवायला एक दांडा व पाच बटणं. व्यापारी प्रदर्शनात यंत्र पाहून धंद्यातल्या भल्याभल्यांनी हे लोकांना झेपणार नाही म्हणून मान हलवली होती; लोकांनी नाण्यांचा पाऊस पाडला. दुसरा कोनामीचा ‘स्क्रॅम्बल’: डोंगरदऱ्या, भुयारं आणि सतत घटत जाणारं इंधन. पुढे १९८५ मध्ये ग्रॅडियस आणि १९८७ मध्ये इरेम कंपनीचा ‘आर-टाइप’ आला, तेव्हा ही जात ऐन भरात होती.

पार्लरमधली ही यंत्रं मात्र या एकाच कामासाठी बनलेली असत. दृश्य सरकवायला वेगळी चिप, यानं काढायला वेगळी, आवाजाला वेगळी. खरी गंमत झाली ती युरोपातल्या घराघरांत. तिथे हाच खेळ अशा संगणकावर हवा होता, जो आई-वडिलांनी बहुधा ‘अभ्यासाला उपयोगी पडेल’ म्हणून घेतलेला असे.

त्या संगणकांतला सगळ्यांत लोकप्रिय कमोडोर ६४. जानेवारी १९८२ मध्ये तो अमेरिकेतल्या प्रदर्शनात दिसला, ऑगस्टमध्ये ५९५ डॉलरला विकायला आला आणि पुढच्या बारा वर्षांत त्याचे किती नग खपले याचे अंदाज १ कोटी २५ लाखांपासून १ कोटी ७० लाखांपर्यंत जातात. रंगाने तपकिरी, आकाराने जाडजूड कीबोर्डच. आत ६४ किलोबाइट स्मृती. आज मोबाइलने काढलेला एखादा साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. प्रोसेसर सेकंदाला सुमारे दहा लाख ठोक्यांवर चालणारा. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. खर्चाचा हिशेब मांडला की त्यातली गरिबी कळते.

युरोपातला टीव्ही ‘पाल’ पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा पडदा नव्याने रंगवणारा. (आपलं दूरदर्शनही पालवरच चाललं.) दृश्य गुळगुळीत सरकायचं असेल तर दर खेपेला यंत्राने नवं चित्र तयार ठेवायला हवं. दहा लाखांना पन्नासने भागलं की एका चित्राच्या वाट्याला येतात सुमारे वीस हजार, नेमके सांगायचे तर १९,६५६ ठोके. एक साधी आज्ञा पाळायला दोनपासून सातपर्यंत ठोके जातात. म्हणजे चार-पाच हजार आज्ञांत सगळं बसवायचं: आकाश सरकवा, जॉयस्टिक कुठे वळली ते पाहा, प्रत्येक शत्रूला एक पाऊल पुढे न्या, कोणाची गोळी कोणाला लागली ते ठरवा, गुण वाढवा, संगीताचा पुढचा स्वर लावा. एका पन्नासांश सेकंदात एवढं उरकलं नाही तर दृश्य अडखळतं, आणि अडखळणारा शूटर कोणी दुसऱ्यांदा लोड करत नाही.

सरकत्या आकाशाचं गणित यात सगळ्यांत कडू.

कमोडोरचा पडदा ३२० ठिपके रुंद आणि २०० ठिपके उंच. प्रत्येक ठिपका वेगळा साठवायचा तर आठ हजार बाइट लागतात, आणि तेवढ्यांची दर वेळी हलवाहलव अशक्य. म्हणून हुशार प्रोग्रॅमर चित्र काढतच नसत. ते चित्र ‘टाइप’ करत. संगणकाला मुळात मजकूर दाखवता येतोच: ४० रकाने, २५ ओळी, एकूण हजार घरं आणि प्रत्येक घरात एक अक्षर. या अक्षरांचे आकार बदलायची मुभा होती. ‘ए’च्या जागी खडकाचा कोपरा, ‘बी’च्या जागी पाइपाचा तुकडा, ‘सी’च्या जागी खिळे ठोकलेला पत्रा. असे २५६ तुकडे बनवायचे आणि त्यांतून सबंध शत्रूनगरी रचायची. आठ हजार बाइटांचं काम हजारावर आलं.

दृश्य सरकवायला कमोडोरच्या चित्र-चिपमध्ये एक लहानशी सोय होती. एका ठरावीक जागी शून्य ते सात यांतला आकडा लिहिला की सगळा पडदा तेवढे ठिपके बाजूला सरके. काम फुकटात. पण आठव्या ठिपक्याला सोय संपते. तिथे आकडा पुन्हा मूळ जागी आणायचा आणि त्याच क्षणी हजारच्या हजार अक्षरं एकेक घर डावीकडे उचलून ठेवायची. एक अक्षर उचलून ठेवायला आठ-नऊ ठोके. हजार अक्षरांना आठ-नऊ हजार, म्हणजे हातातल्या वेळेपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त. यावर तोड निघाली: पडद्याची दुसरी प्रत स्मृतीत दुसरीकडे थोडी थोडी करून रचत राहायची आणि आठव्या ठिपक्याला एका फटक्यात तिच्यावर उडी मारायची.

मग आडवे येतात रंग. प्रत्येक घराचा रंग वेगळ्या स्मृतीत असतो, आणि या स्मृतीची जागा यंत्रात कायमची ठरलेली. तिची दुसरी प्रत ठेवता येत नाही. तेव्हा रंगांचे हजार आकडे त्या एकाच चित्रात हलवायचे, तेही पडदा रंगवणारा किरण वरून खाली येत असताना, त्याच्या तावडीत न सापडता. ज्यांना ही शर्यत नको होती त्यांनी सबंध पडद्याला एकच रंगसंगती ठेवली, म्हणजे रंग हलवायचा प्रश्नच मिटला. त्या काळातल्या कितीतरी खेळांत एका पातळीवर सगळं निळसर आणि पुढच्या पातळीवर सगळं तांबूस का दिसतं, याचं उत्तर चित्रकाराच्या आवडीइतकंच या ठोक्यांच्या हिशेबात आहे.

चांदण्यांची युक्ती त्यामानाने सोपी, पण फसवी. जवळचे खडक वेगाने आणि दूरचे तारे सावकाश सरकले की डोळ्याला खोली जाणवते. त्यासाठी हजार तारे हलवायची गरज नव्हती. तारा हे एकच अक्षर, आकाशात ठिकठिकाणी टाइप केलेलं. त्या अक्षराच्या आकाराचे आठ बाइट बदलले की पडद्यावरचे सगळे तारे एकदम हलतात.

यानं, शत्रू, स्फोट ही अक्षरांपेक्षा वेगळी चीज. त्यांना ‘स्प्राइट’ म्हणत: २४ ठिपके रुंद, २१ उंच, पार्श्वभूमीला धक्का न लावता कुठेही नेता येणारं चित्र. कमोडोरची चिप असे आठ स्प्राइट देई. आठच. खेळाडूच्या यानाला एक गेला की उरले सात, आणि सात शत्रूंच्या जिवावर युद्ध उभं राहत नाही. इथे प्रोग्रॅमर मंडळींनी फिरत्या नाटक कंपनीचा मार्ग धरला: पहिल्या अंकातला शिपाई विंगेत जाऊन दाढी बदलतो आणि तिसऱ्या अंकात राजा होऊन येतो. पडदा वरून खाली रंगवला जातो. एखादा स्प्राइट वरच्या भागात रंगवून झाला, की किरण खाली पोचेपर्यंतच्या सवडीत त्यालाच नवी जागा आणि नवं रूप द्यायचं. एकाच चित्रात तो दोनदा, तीनदा दिसतो आणि खेळाडूला एका वेळी वीस-चोवीस शत्रू मोजता येतात. अट एकच. एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त आले की नववा गायब. म्हणून या खेळांतल्या शत्रूंच्या तुकड्या वळसे घेत, लाटांसारख्या वर-खाली होत येतात. दिसायला ते नृत्य. मुळात एका ओळीत गर्दी होऊ न देण्याचा बंदोबस्त.

या सगळ्या काटकसरीतून काय उभं राहू शकतं हे पाहायचं तर १९८६ चा ‘युरिडियम’ पाहावा. लिहिणारे अँड्र्यू ब्रेब्रुक, इंग्लंडच्या ग्राफ्टगोल्ड या छोट्या गटातले. आधी ते एका मोठ्या कंपनीत कोबोल लिहायचे, म्हणजे हिशेबी कामाचे कार्यक्रम. एक वर्ष अगोदर ‘पॅराड्रॉइड’ हा खेळ लिहिताना त्यांनी ‘झॅप ६४’ या मासिकात रोजनिशी चालवली होती. आज काय जमलं, काय फसलं, कुठल्या भागाला किती स्मृती गेली, सगळं त्यात येई. खेळ कसा बनतो हे वाचकांना इतक्या जवळून क्वचितच दिसलं असेल.

युरिडियममध्ये खेळाडूचं ‘मँटा’ हे यान शत्रूच्या अजस्र युद्धनौकांवरून अगदी कमी उंचीवर उडतं. नौका पंधरा, पहिल्या बऱ्याच नौकांना धातूंची नावं: जस्त, शिसं, तांबं, चांदी. इथे आकाश आपोआप सरकत नाही. डिफेंडरसारखं दोन्ही दिशांना पळता येतं, वेग आपल्या हाती. वळताना मँटा अर्धी गिरकी घेऊन पालथं होतं आणि उलट्या दिशेला सुटतं. नौकेवर उंच भिंती आहेत आणि काही भिंतींमधली फट इतकी चिंचोळी की यान कडेवर उभं करूनच आरपार काढावं लागतं. पुरेसा विध्वंस झाला की उतरायचा आदेश झळकतो, आणि उतरून काम साधलं की नौका मागे विरघळत जाते.

नौकांचे पत्रे राखी-करडे, एका बाजूने उजेड पडल्यासारखे छायांकित. मँटाची सावली त्या पत्र्यांवरून पळते, आणि तेवढ्याने सपाट पडद्याला उंची येते. हा एकरंगीपणा यंत्राच्या सोयीचा होता, हे वर आलंच. पण ब्रेब्रुकची करामत अशी की ती सोय कुठे जाणवत नाही, नौका धातूचीच वाटते. त्या काळातल्या कमोडोरवर याहून देखणे खेळ आहेत. याच्याइतका हाताला चपळ लागणारा विरळा.

दुसरी गोष्ट जर्मनीतली, आणि तिच्यात वकिलांचाही भाग आहे.

मॅनफ्रेड ट्रेन्झ हे रेनबो आर्ट्स कंपनीतले तरुण प्रोग्रॅमर आणि चित्रकारही. १९८७ मध्ये कंपनीचा ‘ग्रेट जियाना सिस्टर्स’ आला. त्यात ट्रेन्झचा मोठा वाटा होता. निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’शी तो इतका मिळताजुळता होता की थोड्याच दिवसांत दुकानांतून काढून घ्यावा लागला. एवढं झाल्यावर माणूस सावध होईल असं वाटतं. ट्रेन्झ यांनी पुढचा खेळ केला ‘कटाकिस’. आर-टाइपमध्ये यानाच्या नाकाला चिकटणारा आणि हवा तेव्हा पुढे भिरकावता येणारा चमकता गोळा आहे. कटाकिसमध्येही गोळा होता. आर-टाइपमध्ये बटण दाबून धरलं की साठत जाऊन सुटणारा मोठा किरण आहे. इथेही तो होता. पातळीच्या शेवटी पडदा अडवून बसणारे जैविक-यांत्रिक राक्षसही ओळखीचे वाटत.

१९८८ मध्ये खेळ आला तेव्हा आर-टाइप युरोपातल्या घरगुती संगणकांवर आणण्याचे हक्क अ‍ॅक्टिव्हिजनकडे होते. त्यांनी रेनबो आर्ट्सला घेरलं. पण अ‍ॅक्टिव्हिजनची एक पंचाईत होती: कमोडोरवर आर-टाइप उतरवू शकेल असा माणूस त्यांना मिळत नव्हता. आणि समोर तर एक माणूस उभा होता, ज्याने ते काम न सांगता जवळपास करून दाखवलं होतं. तडजोड ठरली. खटला नको असेल तर अस्सल आर-टाइप तुम्हीच करून द्या. नकलेचा आरोप मिटवायला ज्याची नक्कल केली तेच अधिकृतपणे लिहून द्यायचं, असा निवाडा खेळांच्या इतिहासात दुसरा सापडणं कठीण. ट्रेन्झ यांनी काही आठवड्यांत कमोडोरचा आर-टाइप हातावेगळा केला. कटाकिस काही फेरफार करून ‘डेनारिस’ नावाने परत आला.

दोन्ही शेजारी ठेवून खेळले तर नक्कलच उजवी वाटते. अधिकृत आर-टाइपला पार्लरमधल्या आठ पातळ्यांशी इमान राखायचं होतं, आणि त्या पातळ्या रचल्या होत्या कितीतरी ताकदवान यंत्रासाठी. कटाकिसवर ते ओझं नव्हतं. कमोडोरला जे पेलतं तेच त्यात आहे आणि जे पेलत नाही ते मुळात योजलेलंच नाही. वर क्रिस ह्युल्सबेक यांचं संगीत. विशीच्या आत असताना त्यांनी १९८६ मध्ये एका जर्मन संगणक-मासिकाची संगीत स्पर्धा जिंकली होती. कमोडोरच्या ध्वनिचिपमधून एका वेळी तीनच सूर निघत. गोळीचा आवाज आला की त्यांतला एक सूर तात्पुरता मुकाट होई. एवढ्या तुटपुंज्या साधनावर घडलेल्या या संगीतकाराच्या रचनांची संपूर्ण मैफल २००८ मध्ये कोलोनला एका वाद्यवृंदाने सादर केली. ट्रेन्झ यांनी पुढे ‘टरिकन’ लिहून नाव कमावलं. कटाकिस आणि आर-टाइप हे दोन्ही अमिगा संगणकावर नेणारी फॅक्टर फाइव्ह ही पोरसवदा मंडळी दहा वर्षांनी लुकास आर्ट्सबरोबर ‘स्टार वॉर्स’चे खेळ बनवत होती.

कमोडोरला निदान आठ स्प्राइट आणि सरकायची सोय होती. ब्रिटनमधल्या दुसऱ्या लाडक्या यंत्राला, सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमला, यांतलं काहीच नव्हतं. १९८२ मध्ये १२५ पौंडांपासून मिळणारं हे स्वस्त यंत्र. त्याच्या पडद्याचे ६,१४४ बाइट प्रोसेसरनेच हलवायचे. एक बाइट हलवायच्या सगळ्यांत सोप्या आज्ञेला १६ ठोके. गुणाकार होतो ९८,३०४. आणि एका चित्राच्या वाट्याचे ठोके ६९,८८८. म्हणजे बाकी काहीही न करता नुसता पडदा जसाच्या तसा हलवायलाही एका चित्राचा वेळ अपुरा. त्यातून आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग. लाल यान हिरव्या खडकाजवळ गेलं की एकाचा रंग दुसऱ्याला लागे.

तरीही डॉमिनिक रॉबिन्सन यांनी स्पेक्ट्रमवर युरिडियम आणला. मूळ यंत्राची जीवनवाहिनीच ज्यावर नाही, त्या यंत्रावर नौका पळताना पाहून त्या वेळचे जाणकार चक्रावले. १९८८ मध्ये बॉब पेप यांनी आर-टाइप स्पेक्ट्रमवर उतरवला, तोही भरघोस रंगांसकट. त्या यंत्रावर पार्लरमधून आलेल्या उत्तम खेळांत त्याची गणना होते. हे काम कसं झालं, एका छोट्या स्टुडिओत दिवस-रात्र कशा गेल्या, हे पेप यांनी ‘इट्स बिहाइंड यू’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी या तिसऱ्या यंत्राच्या वाट्याला मात्र स्पेक्ट्रमवरूनच घाईने ओतलेली आवृत्ती आली. सीपीसीच्या चाहत्यांना तो सल इतका डाचला की २०१२ मध्ये त्यांच्यातल्या एका गटाने आर-टाइप नव्याने लिहून काढला. बाजार उठून दोन दशकं झाली होती.

पुन्हा कमोडोरकडे वळायचं तर, फिनलंडमध्ये स्टाव्रोस फासुलास या तरुणाने ब्रिटनच्या थॅलॅमस कंपनीसाठी १९८६ मध्ये ‘सँक्शन’ आणि १९८७ मध्ये ‘डेल्टा’ लिहिले. दोन्ही आडवे शूटर, दोन्हींना रॉब हबर्ड यांचं संगीत. त्या काळी खेळ कॅसेटवर मिळे. टेपवरून तो संगणकात उतरायला काही मिनिटं लागत आणि तोवर पडद्याकडे बघत बसायचं. सँक्शनने या रिकाम्या वेळात एक धून वाजवली. ती खेळापेक्षाही जास्त लोकांच्या लक्षात आहे. डेल्टाने पुढचं पाऊल टाकलं: लोड होताना वाजणाऱ्या संगीताचे तुकडे वाट पाहणाऱ्यानेच जॉयस्टिकने हवे तसे जुळवायचे. पुढे १९८८ मध्ये याच थॅलॅमसने ‘आर्मलाइट’ आणला. दोघांना एकाच वेळी शेजारी शेजारी उडता येई, आणि पडद्यावर इतके शत्रू की आठ स्प्राइटांची मर्यादा कुठे लपवली हे शोधूनही सापडत नाही. कमोडोरवरच्या आडव्या शूटरांत कारागिरीचं शिखर कुठलं, यावर एकच नाव घ्यायचं झालं तर ते आर्मलाइटचं. युरिडियम हाताला गोड, आर्मलाइट डोळ्याला.

फासुलास सहसंस्थापक असलेल्या कंपनीतूनच पुढे फिनलंडची हाउसमार्क उभी राहिली. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ बाजारात आलं तेव्हा हाउसमार्कने त्यासाठी ‘रेसोगन’ दिला. तो डिफेंडरच्याच घराण्यातला: यान दोन्ही दिशांना पळतं आणि अडकलेली माणसं सोडवायची असतात. चारच वर्षांनी त्यांच्या ‘नेक्स मशिना’ खेळासाठी खुद्द युजीन जार्व्हिस त्यांच्याबरोबर काम करत होते.

भारतात ही यंत्रं फार थोड्यांच्या नजरेस पडली. आयात महाग, आणि घरात संगणक ही कल्पनाच दूरची. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेतून काही शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक आले. स्पेक्ट्रमची परवान्याने बनवलेली भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने विकली गेली आणि काही मोजक्या मध्यमवर्गीय घरांत पोचली. बाकीच्यांची आणि या खेळांची ओळख नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेमच्या काडतुसांतून झाली, तोवर युरोपात कमोडोर माळ्यावर गेला होता. कंपनीचं दिवाळं एप्रिल १९९४ मध्ये वाजलं.

यंत्र मेलं तरी त्याच्यावर लिहिणं थांबलेलं नाही. सारा जेन एव्हरी यांचा ‘सोल फोर्स’ हा आडवा शूटर अलीकडचा, आणि तो त्याच एक मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरवर, त्याच आठ स्प्राइटांत चालतो. चाळीस वर्षांत यंत्राच्या इतक्या खाचाखोचा उलगडल्या आहेत की १९८६ मध्ये ज्याला चमत्कार म्हणत, ते आता नवशिक्याच्या पहिल्या धड्यात येतं.

ज्यांना हे सगळं हाताने अनुभवायचं आहे त्यांनी जुना कमोडोर शोधत फिरायची गरज नाही. ‘व्हाइस’ हा कमोडोरची हुबेहूब नक्कल करणारा कार्यक्रम साध्या लॅपटॉपवर विनामूल्य चालतो. आणि हक्काचा प्रश्न ज्यांना टोचतो त्यांच्यासाठी २०१८ मध्ये आलेल्या ‘द सी६४ मिनी’ या छोट्या यंत्रात युरिडियम आणि आर्मलाइट दोन्ही परवान्यासह भरलेले आहेत. मोबाइलच्या काचेवर बोटं घासून हे खेळ जमत नाहीत, एक बटणवाली जॉयस्टिक जोडावी. सुरुवात युरिडियमने करावी, आर्मलाइट नंतर. आणि व्हाइसच्या सेटिंगमध्ये यंत्र ‘पाल’वर ठेवावं. अमेरिकी ‘एनटीएससी’वर सेकंदाला साठ चित्रं होतात, एका चित्राच्या वाट्याचे ठोके १७ हजारांवर उतरतात, आणि पन्नासच्या हिशेबाने रचलेले हे युरोपी खेळ एकतर भरधाव पळतात नाहीतर पडद्यावर फाटतात.